एकोणीस नावांचं मस्टर

दोस्तहो, इतिहास म्हणजे राजे, तह आणि लढाया असं आपल्याला शाळेत शिकवलं. मी आज एका वहीचा इतिहास सांगणार आहे. लाल पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची वही. कंत्राटदाराचं मस्टर.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. माझा बाप रिंग खात्यात होता. संप संपला असं कुणी कधी नीट सांगितलं नाही, पण बापापुरती गिरणी कायमची बंद झाली. मग आई बाहेर पडली. एका कारखान्याच्या आवारात झाडलोट, संडास धुणं, कॅन्टीनची घाण उचलणं. कारखाना मोठा, पण आई कारखान्याची नव्हती. ती कंत्राटदाराची. एकूण चोवीस बाया, बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. सकाळी सहाला मुकादम गेटवर हजेरी घ्यायचा. मस्टरवर नावं एकोणीस. उरलेल्या पाच जणींची हजेरी तो चिठ्ठीवर मांडायचा आणि पगार वाटला की चिठ्ठी फाडून टाकायचा. आई त्या पाचांतली.

१९८५ च्या पावसाळ्यात आई ओल्या जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. मी तेव्हा बारावीला. तडक मुकादमाकडे गेलो, नुकसानभरपाईचं विचारलं. तो चिडला नाही. हसला. म्हणाला, "पोरा, तुझी आई इथं कामालाच नाही. मस्टर बघ." आणि मी निघालो तेव्हा, जणू चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "एकोणीसच्या वर नाव घालायचं नसतं रे. वीस झाले की कायदा लागतो."

कुठला कायदा? वाचनालयात जाऊन शोधला. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं, की ज्या कंत्राटदाराकडे वीस किंवा जास्त कामगार असतील त्यालाच हा लागू. म्हणजे दिल्लीला संसदेत बसून ज्यांनी हा आकडा घातला, तो आमच्या मुकादमाला तोंडपाठ होता, आणि ज्यांच्यासाठी कायदा केला त्या चोवीस बायांतल्या एकीलाही माहीत नव्हता.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठलाही कामगार कायदा हातात आला की मी आधी पहिली दोन कलमं वाचतो. कायदा कुणाला लागू आणि 'कामगार' कुणाला म्हणायचं. बाकीची सवलतींची कलमं मागाहून. या खोडीपायी मी आपल्या देशाचे आणि आशियातल्या दुसऱ्या काही देशांचे कायदे चाळले. जे दिसलं ते तुमच्यापुढं मांडतो. पटलं तर घ्या.

*

पुस्तकात लिहितात, हिंदुस्थानातला पहिला कामगार कायदा म्हणजे १८८१ चा फॅक्टरी ॲक्ट. हे अर्धंच खरं. त्याच्या बावीस वर्षं आधी, १८५९ साली, गोऱ्या सरकारनं एक कायदा केला होता. मजुरानं किंवा कारागिरानं उचल घेतली आणि काम सोडलं, तर मॅजिस्ट्रेटनं त्याला पैसे फेडायला लावायचं नाहीतर कामावर परत धाडायचं. तरी ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. करार मोडणं हा मजुराच्या बाबतीत गुन्हा. मालकानं पगार बुडवला तर मात्र तो दिवाणी मामला. आसामच्या चहामळ्यांत तर १८६५ च्या कायद्यानं मळेवाल्यालाच पळालेला मजूर पकडायचा अधिकार दिला. वॉरंटसुद्धा नको. तिथं नेलेले बहुतेक आदिवासी. १८५९ चा कायदा पुस्तकातून जायला १९२६ साल उजाडलं.

म्हणजे कामगार कायद्याची सुरुवात कामगाराला वाचवायला झाली नाही. त्याला खुंट्याला बांधायला झाली.

आणि आपला पहिला कायदा तर याहून वेगळाच. माझा आजा गावचा येसकर. त्याला १८८१ चा कायदा ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्या मानेवर १८७४ चा कायदा होता, वतनाचा. वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा असं त्याचं भारदस्त नाव. महाराचं काम हा 'हुद्दा'! सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, सारा भरायला माणसं बोलवायची, रात्रीची गस्त घालायची. दिवस नाही, रात्र नाही. आजा आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. राबवून घ्यायचं सरकारनं आणि पोसायचं गावानं. म्हणजे खळ्यावर उभं राहून बलुतं मागायचं. गावाची मर्जी फिरली की बलुतं बंद.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात हा वतन कायदा दुरुस्त करण्याचं बिल आणलं. शाळेत आपल्याला हे सामाजिक सुधारणेच्या धड्यात शिकवतात. मी म्हणतो, ते कामगार कायद्याचंच बिल होतं. कामाला मोजमाप हवं, कामाचा मोबदला ठरलेला हवा, नको असेल तर काम सोडता यायला हवं. यापेक्षा कामगाराचं मागणं ते काय वेगळं असतं? बिल काही पार पडलं नाही. महार वतनं गेली १९५९ साली. बाबासाहेब ते बघायला उरले नव्हते.

*

आता गिरणीकडे. १८८१ चा कायदा आला तो मजुरांच्या कळवळ्यानंच आला असं नाही. मुंबईचा कापूस, मुंबईची स्वस्त मजुरी आणि मुंबईचं सूत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना टोचू लागलं होतं. त्यांनी लंडनला ओरड केली. मुंबईचे गिरणीमालक म्हणाले, कायदा नको, आमचे मजूर सुखी आहेत. दोघंही आपापल्या नफ्याकडे बघत होते. कायदा झाला तो असा: शंभर किंवा जास्त माणसं आणि यंत्रशक्ती असलेला कारखाना म्हणजे फॅक्टरी. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, सात ते बाराच्या पोराला नऊ तास. मोठ्या माणसाला काहीच नाही, बाईलाही काही नाही. चहा-कॉफीचे मळे आणि निळीचे कारखाने वगळलेले. वगळले कुणी? ज्यांचे मळे त्यांच्याच राज्यानं.

यात मजुरांच्या बाजूनं बोलणारा माणूस कोण उभा राहिला? नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचा सत्यशोधक, 'दीनबंधू'चा संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढं ठेवला. मागणी काय, तर आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास खाणं, पगार वेळेवर, जखमी झाला तर भरपाई. १८९० साली मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात फॅक्टरीचा आकडा शंभराचा पन्नास झाला, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. १९११ ला कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तास. अशी एकेक पायरी.

पण गिरणीच्या आत आणखी एक उंबरा होता. तो कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता. साचे खात्यात पगार जास्त. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. मग अस्पृश्याच्या तोंडचा दोरा सवर्णानं तोंडात कसा घ्यायचा? म्हणून आपली माणसं रिंग खात्यात आणि साचे खातं बंद. एकच गिरणी, एकच भोंगा, एकच फॅक्टरी ॲक्ट. पण दोऱ्याच्या थुंकीनं पगार ठरायचा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला. त्यांना नाखुषीनं का होईना त्याची दखल घ्यावी लागली. मालकानं घातलेलं कुंपण एक आणि कामगारानं कामगाराला घातलेलं कुंपण दुसरं. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना सांगितलं की तुमचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते काही सभेतलं टाळीचं वाक्य नव्हतं. ते साचे खात्याच्या दाराशी उभं राहून केलेलं निदान होतं.

*

आता जरा मुंबईच्या बाहेर बघू. कारण उतरंड फक्त आपल्याकडे नव्हती.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं, रशियात क्रांती झालेली, मालकांची सरकारं घाबरलेली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. परिषदेनं पहिला करार केला: कारखान्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सगळ्या जगाला एक माप! असं आपण ऐकतो. पण करार उघडून बघा. कलम नऊ: जपानला सत्तावन्न तास, आणि कच्च्या रेशमाच्या कारखान्यांत साठ. कलम दहा: ब्रिटिश हिंदुस्थानला साठ तास, तेही जिथं फॅक्टरी ॲक्ट आधीच लागू आहे तिथं, खाणींत आणि रेल्वेच्या ठरावीक कामांत. कलम अकरा: चीन, इराण आणि सयाम यांना करारच लागू नाही, त्यांचा विचार पुढं कधीतरी.

बघा कशी पंगत मांडली. गोऱ्याला अठ्ठेचाळीस, जपान्याला सत्तावन्न, हिंदी माणसाला साठ, चिन्याला पंगतीबाहेर. बाबासाहेब जातीला पायरीपायरीची विषमता म्हणत. इथं अख्ख्या जगाच्या मजुरांची तशीच पायरी लावली, आणि तीही मजुरांच्या कल्याणाच्या कागदावर. खालच्या पायरीवरच्याचं अंग कमी दमतं असं काही शास्त्र होतं का?

साठ तासांनी फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही. १९२२ च्या कायद्यात ते साठ तास आले, आणि त्याआधी पुरुषाचा दिवस बारा तासांचा होता. आठवड्याला बारा तास सुटले म्हणजे माणसाला एक अख्खा दिवस परत मिळाला. लहान गोष्ट नाही. पण शेतावरचा मजूर त्यात नव्हता, संस्थानातला नव्हता, आणि माझा येसकर आजा तर नव्हताच नव्हता.

*

जपानची गोष्ट ऐका. तिथला फॅक्टरी कायदाही १९११ चाच. पंधरा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला लागू. बायांना आणि पोरांना बारा तासांची मर्यादा. पण अंमल सुरू झाला १९१६ साली, आणि रात्रपाळीची बंदी सूतगिरणीवाल्यांनी इतकी लांबवली की ती खरोखर आली १९२९ च्या जुलैत. अठरा वर्षं! त्या अठरा वर्षांत खेड्यातल्या गरीब शेतकऱ्यांच्या पोरी गिरणीत रात्र जागत होत्या. बापानं मालकाकडून उचल घेतलेली, पोरगी गिरणीच्या वसतिगृहात कोंडलेली, कितीकजणी क्षय घेऊन गावी परतलेल्या. आपल्या ऊसतोडीच्या उचलीची आठवण येते की नाही? आणि इकडे मुंबईचे मालक गळा काढत होते की जपानी बाया रात्री राबतात, आम्ही स्पर्धेत कसे टिकणार! एका देशातल्या पोरीचं जागरण दुसऱ्या देशातल्या मजुराचे तास लांबवायला कामी येत होतं.

दुसरं महायुद्ध हरल्यावर, अमेरिकन अंमलाखाली, १९४७ साली जपानात नवा श्रममान कायदा झाला. आठ तास, बाई-पुरुषाला सारखा पगार, सामाजिक दर्जावरून भेदभाव नाही. कागदावर देखणा. पण माझी खोड! कुणाला लागू नाही ते बघितलं. घरकामगारांना लागू नाही.

आणि आणखी एक. जपानात बुराकू नावाचे लोक आहेत. जनावरांची कातडी कमावणं, मेलेलं ओढणं, फाशी देणं, असल्या कामांपायी पिढ्यानपिढ्या विटाळ ठरवलेले. रंग तोच, भाषा तीच, देव तेच, वस्ती मात्र वेगळी. १८७१ साली सरकारी हुकमानं त्यांना 'मुक्त' केलं. ३ मार्च १९२२ ला त्यांनी क्योटोत सुईहेईशा ही संघटना काढली. आपलं महाड त्यानंतर पाच वर्षांनी. तर १९७५ साली उघडकीला आलं की तिथं एक यादी छुपेपणानं विकली जातेय. कुठल्या गावात बुराकू वस्ती कुठं, घरं किती, धंदा काय. विकत घेणारे कोण? दोनशेच्या वर कंपन्या. नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता यादीशी ताडून बघायचा आणि 'जागा भरली' म्हणून परत पाठवायचं.

मग १९४७ च्या त्या देखण्या कलमाचं काय? १९७३ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं एका वेगळ्याच खटल्यात, राजकीय मतांवरून नोकरी नाकारलेल्या पोराच्या खटल्यात, सांगितलं होतं की भेदभावबंदीचं ते कलम कामावर घेतल्यानंतरच लागतं, कामावर घेताना नाही. म्हणजे कायदा गेटच्या आत. गेटवर कायदा नाही. बुराकूंच्या संघटनेनं या यादीविरुद्ध रान उठवलं, कंपन्यांना जाब द्यायला लावला, आणि १९८५ साली ओसाकानं अशा जातचौकशीला आळा घालणारा नियम केला. आपल्याकडे आजही मुलाखतीत आडनाव विचारतात, गाव विचारतात, 'गावात घर कुठल्या बाजूला' विचारतात. आपली यादी छापावी लागत नाही, एवढाच फरक.

*

जपानच्या ताब्यात १९४५ पर्यंत कोरिया होता. दक्षिण कोरियानं १९५३ साली, युद्ध चालू असताना, जपानी कायद्याच्या धर्तीवर आपला श्रममान कायदा केला. आठ तास, अठ्ठेचाळीस तास, सुट्टी, सगळं आलं. मग सतरा वर्षं तो कायदा पुस्तकात झोपून राहिला.

सोलच्या प्योंगह्वा बाजारात कपडे शिवायचे शेकडो छोटे कारखाने होते. माळे इतके ठेंगणे की माणसाला सरळ उभं राहता येत नसे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी चौदा-चौदा तास राबायच्या. तिथं चन ते-इल नावाचा एक शिंपी पोरगा होता. शाळा सुटलेली, बाप दारिद्र्यात मेलेला. या पोरींना उपाशी बघून तो बसच्या पैशांची भाकरी घेऊन द्यायचा आणि स्वतः मैलोगणती चालत घरी जायचा. एक दिवस त्याला कळलं की आपल्या देशात कामगारांचा कायदा आहे. त्यानं पुस्तक मिळवलं. पण कायदा चिनी अक्षरांनी भरलेला, त्याला वाचता येईना. तो म्हणायचा, मला एखादा कॉलेजात शिकणारा मित्र असता तर किती बरं झालं असतं.

दोस्तहो, या जागी मी पुस्तक मिटून बसलो होतो. कारण तो कॉलेजातला मित्र म्हणजे आपण. बारावीचा मी, आणि आता हे वाचणारे तुम्ही.

त्यानं सोबत्यांची संघटना केली. नाव ठेवलं 'मूर्खांचा संघ', कारण कायदा असून इतके दिवस माहीत नव्हता म्हणून आपण मूर्ख. कारखान्यांची पाहणी केली, सरकारी कचेरीत अर्ज दिले. कुणी विचारलं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला त्यानं त्या कायद्याच्या पुस्तकासकट स्वतःला पेटवून घेतलं. श्रममान कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं ओरडत तो धावला. वय बावीस. नवा कायदा मागत नव्हता तो. होता तो कायदा पाळा, एवढंच.

त्याच्या मरणाचं मी कौतुक करणार नाही. आपल्या पोरांनी जगून लढायचं आहे. कौतुक करायचं तर त्याच्या आईचं, ली सो-सन हिचं. मागण्या मान्य झाल्याशिवाय मुलाची माती होऊ देणार नाही म्हणून ती अडून बसली. दोन आठवड्यांत त्या बाजारात शिवणकामगारांची युनियन उभी राहिली. ती बाई २०११ साली मरेपर्यंत कामगारांच्या मोर्चात होती. तरी उंबरा उरलाच. पाचपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी त्या कायद्याची बरीच कलमं लागू न करण्याची रीत पुढंही चालू राहिली. आपल्याकडे एकोणीस, तिथं चार.

*

आता परत मुंबईला, १९३८ सालात. काँग्रेसचं प्रांतिक सरकार आलेलं. त्यांनी औद्योगिक कलहाचं बिल आणलं. आधी समेटाची सगळी पायरी चढा, तोवर संप बेकायदा, केलात तर तुरुंग. बाबासाहेबांनी असेंब्लीत विचारलं ते साध्या भाषेत असं: माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावणं म्हणजे गुलामी, मग संपाला गुन्हा ठरवणं दुसरं काय? १८५९ च्या कायद्याचं भूत खादी घालून परत आलं होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. जे साचे खात्यात एकत्र बसत नव्हते ते त्या दिवशी कामगार मैदानावर एकत्र आले. कायदा तरीही झाला.

मग १९४२ च्या जुलैपासून चार वर्षं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. इथं एक गोष्ट नीट सांगतो, कारण आपल्या पोस्टरवर ती चुकीची छापतात. 'बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले' असं लिहितात. १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत आठवड्याला चोपन्न तास आधीच ठरले होते. बाबासाहेबांच्या खात्यानं आणलेल्या आणि १९४६ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीनं त्याचे अठ्ठेचाळीस केले. वॉशिंग्टनला गोऱ्यांना १९१९ साली दिलेले अठ्ठेचाळीस आपल्याला सत्तावीस वर्षांनी मिळाले, आणि ते आणणारा माणूस महाराचा पोर होता. खरी गोष्ट एवढी मोठी असताना फुगवायची गरज काय? फुगवलेलं एक वाक्य विरोधक खोडतो, आणि मग खऱ्या दहा वाक्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलावर बसवायची परिषद, सेवायोजन कचेऱ्या, खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाची रजा, आरोग्यविम्याची तयारी, हे त्याच चार वर्षांतलं. त्यावरच १९४८ चे कायदे उभे राहिले: फॅक्टरी, किमान वेतन, राज्य विमा. फॅक्टरीचा आकडा आता यंत्रशक्ती असेल तर दहा, नसेल तर वीस. शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षांत उंबरा असा खाली खाली आला. आपोआप आला नाही.

*

आणि आता तो परत वर चाललाय.

२०१९ आणि २०२० साली संसदेनं एकोणतीस कायदे मोडून चार संहिता केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ ला त्या लागू झाल्या. पहिली दोन कलमं वाचा. फॅक्टरी म्हणजे यंत्रशक्तीसह वीस, नसेल तर चाळीस. दहाचे वीस, विसाचे चाळीस. कंत्राटी कामगारांचा आकडा वीसचा पन्नास. माझ्या आईचा मुकादम आज असता तर एकोणपन्नास नावं बिनधास्त घातली असती, चिठ्ठी फाडायचाही त्रास नाही. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभरावर, आता तीनशेवर. आणि संप? पूर्वी अत्यावश्यक सेवांतच सक्तीची असलेली नोटीस आता सगळ्या उद्योगांना, चौदा दिवसांची. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप. १९३८ आठवतं का?

न्यायानं बोलायचं तर हेही सांगतो की मोबाइलवर ऑर्डर घेऊन मोटरसायकलवर जेवण पोचवणाऱ्या पोरांना या संहितेत पहिल्यांदा नाव मिळालं. पण सामाजिक सुरक्षेपुरतं. ते 'नोकर' आहेत असं कुठं म्हटलेलं नाही. त्यांच्यात आपली किती पोरं आहेत ते चौकात उभं राहून मोजा.

आणि गटारात उतरणारा? हातानं मैला उपसायला माणूस ठेवण्यावर १९९३ ला बंदी, २०१३ ला आणखी कडक बंदी. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तीस लाख द्या म्हणून सांगितलं. तरी माणूस उतरतोच. कारण उतरवणारा कंत्राटदाराचा पोटकंत्राटदार असतो, आणि मेलेल्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नसतं.

मग कायद्याला काडी लावायची का? मी तसं म्हणत नाही. दोन दाखले देतो. फिलिपिन्समध्ये घरकामगार बाया वर्षानुवर्षं लढल्या. २०१२ साली तो देश घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा आशियातला पहिला देश झाला, आणि २०१३ ला त्यांनी कायदा करून किमान पगार आणि आठवड्याची सुट्टी लिहून घेतली. आपल्या देशानं त्या करारावर मान्यता दिलेली नाही. दुसरा दाखला मुंबईचा. महापालिकेच्या कचऱ्यावर राबणारे कंत्राटी सफाई कामगार. कचरा वाहतूक श्रमिक संघानं ते कागदावर कंत्राटदाराचे, पण खरे पालिकेचेच कामगार आहेत, हे वर्षानुवर्षं कोर्टात सिद्ध करत नेलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २७०० जणांना कायम करण्याचा निकाल टिकला. यात मोर्चा होता, वकील होता, आणि सगळ्यात आधी नावांची यादी होती. कोण, कुठं, कधीपासून, किती दिवस. एकेक नाव.

आईचं मनगट वाकडंच बसलं. पुढं बारा वर्षं तिनं त्याच हातानं झाडू धरला, तीन कंत्राटदार बदलले, एकाच्याही मस्टरवर तिचं नाव लागलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत मला एक शाळेची जुनी वही सापडली. तिला लिहिता येत नव्हतं. धाकट्या बहिणीकडून ती रोज रात्री एक रेघ मारून घ्यायची. कामाचा एक दिवस, एक रेघ. पाचाच्या जुड्या करून. आम्हाला कधी तिनं ते का ते सांगितलं नाही.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. येत्या महिन्यात प्रत्येकानं आपल्या वस्तीतली कंत्राटावर राबणारी दहा माणसं गाठा. त्यांना भाषण देऊ नका. एक वही द्या. तारीख, जागा, काम, मुकादमाचं नाव, हातात पडलेले पैसे, सोबत राबणारी माणसं किती. रोज. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी रात्री जाऊन तुम्ही लिहा. आणि त्या वह्या घेऊन पुढच्या बैठकीला या. मग आपण मोजू, मस्टरवर किती आणि कामावर किती.